पुरातून उभे राहिलेले वडील आता झोपत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आले, आज स्वतःच्या घरासाठी लिहितेय. जरा लांबेल, पण मधलं गाळलं तर प्रश्न नीट कळणार नाही.

आम्ही सांगलीचे. माहेर गावभागात आणि वडिलांचं (आम्ही अप्पा म्हणतो) मारुती चौकाजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान. त्यांचं वय ६८. मी विश्रामबागला असते, त्यामुळे एक दिवसाआड जाणं होतं. घरी आई, दादा, वहिनी आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा.

ज्यांना सांगली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात इथे कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. आमचं दुकान जवळजवळ छतापर्यंत पाण्यात होतं.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा मी तिथे होते. कागद भिजला की फुगतो. रॅकमध्ये दाबून लावलेल्या शंभरपानी, दोनशेपानी वह्या इतक्या फुगल्या होत्या की एकही ओढून निघेना. शेवटी दादाने पहार घालून लोखंडी रॅक वाकवला. आतून निघाला तो सगळा एकच लगदा, आणि वरच्या वहीवर 'नाव, इयत्ता, तुकडी' एवढं मात्र स्वच्छ वाचता येत होतं. अप्पांनी तो लगदा घमेल्यात भरला आणि म्हणाले, "चला, पुढचा रॅक." डोळ्यांत टिपूस नाही. अठराव्या दिवशी दुकान उघडलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरलं, पुन्हा तेच. २००५ चा पूरही त्यांनी पाहिलेला. दुकानाच्या भिंतीवर तिन्ही वर्षांच्या रेघा त्यांनी निळ्या मार्करने मारून ठेवल्यात. गल्लीत सगळे म्हणतात, अप्पांसारखा खंबीर माणूस बघितला नाही. मीही हेच म्हणायचे, आणि अभिमानाने म्हणायचे.

पण गेली दोन वर्षं मला वेगळंच दिसतंय. जून संपत आला की घरात दुसराच माणूस वावरतो. कोयना धरणाचा साठा किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), विसर्ग किती, आयर्विनला किती फूट किती इंच, हे रात्री दोनला, साडेतीनला, पाचला उठून फोनवर बघतात. पत्र्यावर सर वाजली की उठून बसतात. भाकरी अर्धी टाकतात. छातीत जळजळ, खांदे दुखणं, आणि आईवर क्षुल्लक कारणाने ओरडणं. हा माणूस चाळीस वर्षांत तिच्यावर आवाज चढवून बोलला नव्हता. बीपीची गोळी चालू आहे, साखर ठीक आहे.

हे फक्त पावसाळ्यातलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. पूर्वी दुकान बंद करून ते रोज सरकारी घाटावर अर्धा तास बसायचे. आता जानेवारीतही बसत नाहीत, पाणी अगदी खाली असतानासुद्धा. जूनमध्ये नव्या पुस्तकांचे गठ्ठे सोडताना आधी वास घ्यायचे, मग मोजायचे. यंदा गठ्ठे दोन दिवस तसेच पडून होते, दादानेच सोडले.

डॉक्टरांकडे जाऊया म्हटलं तर, "मला काय धाड भरलीय? ज्यांची घरं पडली त्यांना विचार ताण म्हणजे काय." यावर मला उत्तर सुचत नाही.

आणि आता भाचा. सकाळी दात घासायच्या आधी विचारतो, "आबा, किती फूट?" गेल्या आठवड्यात पातळी १९ फूट होती. घाबरण्यासारखं काहीच नाही. त्या दिवशी त्याने आपली सगळी पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेली वहिनीला सापडली. हे ऐकलं तेव्हा मी इथे लिहायचं ठरवलं.

मला विचारायचंय ते असं. इतकं सोसून उभा राहिलेला माणूस चार-पाच वर्षांनी असा का खचतो? ही वयाची चिडचिड की धसका? आणि त्यांचा मान न दुखावता त्यांना डॉक्टरांपर्यंत कसं न्यायचं? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

(धरणांचा विसर्ग आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद इथे नको, ही विनंती. तो महत्त्वाचा आहे, पण आज मला घराबद्दल बोलायचंय.)

– गावभागची लेक

*

मिरजकर: ताई, फार मनावर घेऊ नका. आमच्या वडिलांनीही दुष्काळ, पूर सगळं पाहिलं, कुठे समुपदेशन नव्हतं. माणूस कामात राहिला की मन आपोआप घट्ट होतं. दुकानात आणखी गुंतवा त्यांना.

*

निवांत: मी समुपदेशनाचं काम करते. न भेटता निदान करणार नाही, पण काही गोष्टी नक्की सांगू शकते.

अप्पा खंबीर होते ते खोटं नव्हतं. कोलंबिया विद्यापीठातले जॉर्ज बोनॅनो यांनी आघातानंतर माणसांचं काय होतं यावर अनेक वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या संकटानंतरही बरीच माणसं आपलं काम, नाती, रोजचं जगणं सांभाळून राहतात, आणि हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त जणांच्या बाबतीत घडतं. त्यांना दुःख होत नाही असं नाही. झोप उडते, पोटात गोळा येतो, पण मन पुन्हा जागेवर येतं. मनाची उभारी म्हणतात ती हीच. ती नाकाच्या ठेवणीसारखी जन्मभर तशीच राहत नाही. वय, तब्येत, पैसा, सोबतीची माणसं यांप्रमाणे कमी-जास्त होते. अप्पांनी तीन पुरांनंतर तिच्यावरच दुकान उभं केलं. खर्च झाली आणि भरून निघाली नाही, असं होऊ शकतं.

तयारी आणि धसका यांतला फरक बघा. कोयनेचे दरवाजे उघडल्यावर माल माळ्यावर चढवणं ही तयारी. ती झाली की माणूस झोपतो. १९ फुटांना पहाटे साडेतीनला उठल्याने एकही वही वाचत नाही, आणि तरी उठावं लागतं, तो धसका. धोका नसतानाही शरीर सावध राहिलं की ताणाची संप्रेरकं पुन्हा पुन्हा वाढत राहतात. झोप तुटते, पचन बिघडतं, बीपी वर राहतो. मग न झोपलेल्या माणसाला पुढचा ताण आणखी मोठा वाटतो. हे चक्र आहे, आणि ते तोडायचं तर झोपेपासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं.

'डोळ्यांत टिपूस नाही' याबद्दल. जेम्स ग्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी भावना दाबण्यावर प्रयोग केलेत. चेहऱ्यावर दुःख दिसू दिलं नाही म्हणून आतलं दुःख कमी होत नाही. उलट शरीरावरचा भार वाढतो. आणि सतत दाबून ठेवणाऱ्यांना जवळच्यांची सोबतही कमी मिळते, कारण काय बिनसलंय हे कुणाला कळतच नाही. मिरजकर काका, तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. कामाचा आधार मोठा असतो हेही खरं. पण तेव्हा वाड्यात दहा बिऱ्हाडं असायची, रात्री ओसरीवर सगळं बोलून व्हायचं. त्याला समुपदेशन हे नाव नव्हतं, एवढंच. आणि अप्पा दुकानात रोज जातातच आहेत.

ताई, जानेवारीतही घाटावर न जाणं आणि पुस्तकांतला रस जाणं, या दोन गोष्टींसाठी दाखवायला हवंच. त्यांच्या पिढीचे पुरुष 'मन उदास आहे' म्हणत नाहीत, 'जळजळ होतेय' म्हणतात. म्हणून मानसोपचार हा शब्दच काढू नका. झोपेबद्दल बोला. नेहमीच्या डॉक्टरांना आधी एकट्या भेटून सगळं सांगा. ते थायरॉइड, बी-१२ बघतील आणि गरज वाटली तर पुढे पाठवतील. नेहमीच्या डॉक्टरांनी पाठवलं की माणसं जातात.

'ज्यांची घरं पडली त्यांना विचार' यावर वाद घालू नका. "त्यांचं मोठं आहेच अप्पा, पण तुम्ही तीन वर्षांच्या रेघा मारल्यात," एवढं म्हणून थांबा. समोर बसवून विचारू नका, हाताला काम असताना बोला.

एक अवघड गोष्ट. 'आता जगून काय करायचं' असं त्यांच्या मनात येतं का, हे एकदा सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेली मानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. घरातलं माणूस म्हणून तुम्हीही फोन करू शकता.

भाच्याबद्दल: एमी वर्नर यांनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मोठेपणापर्यंत अभ्यास केला. फार कठीण परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, समाधानी माणसं झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. त्याला पातळी कळू द्या, लपवू नका. पण ती सांगणारं माणूस शांत हवं. पुस्तकं माळ्यावर ठेवल्याबद्दल हसू नका आणि रागवूही नका. कधी बांधायची, हे दादांनी त्याच्यासोबत बसून ठरवावं. अमुक फूट झालं की बांधायची, तोवर दप्तरात.

*

वारणाकाठ: आमचे मामंजी असेच. २०१९ ला गोठ्यातली दोन जनावरं गेली, तेव्हापासून रात्रभर ओट्यावर बसायचे. 'झोपा' म्हणून कधी ऐकलं नाही. मग आमच्या मालकांनी पाळी लावली. रात्री अकरा ते तीन मी बघतो, तीननंतर तुम्ही, आणि फोन ज्याची पाळी त्याच्याकडे. बघूच नका म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. पाळी म्हटल्यावर पटलं, कारण पाणी बघायलाच पाहिजे हे आम्हीही मान्य केलं. पहिले आठ दिवस तीन वेळा विचारायचे, मग एकदा. डॉक्टरांची गोळीही चालू आहे, ते लपवत नाही. पण सुरुवात पाळीनं झाली. ताई, आधी त्यांच्याबरोबर जागा, मग झोपवा.

*

गावभागची लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. निवांतताई, तुमचा प्रतिसाद दादा-वहिनीला वाचून दाखवला. वारणाकाठ वहिनी, तुमचं वाचून दादा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मी इतकी वर्षं त्यांना फक्त झोपा म्हणत होतो."

चार दिवसांचं लिहिते. मी माहेरी राहायला आले. दादाने जेवताना सांगितलं, अप्पा, यंदा पाणी बघायची पाळी लावू. आधी नाहीच म्हणाले. मग विचारलं, "तू दोनला उठशील?" दादा म्हणाला उठेन. पहिल्या रात्री दोन वाजता दोघंही स्वयंपाकघरात उभे होते. दुसऱ्या रात्री अप्पांनी आतूनच विचारलं, "किती?" दादा म्हणाला, "एकवीस फूट दोन इंच. तुमची पाळी तीनला." तीनला दादाने त्यांना मुद्दाम उठवलं, शब्द दिला होता म्हणून. काल ते पावणेपाचपर्यंत झोपले होते.

तो अवघड प्रश्न मी परवा दुकानात विचारला. आम्ही दोघं पुस्तकांना कव्हरं घालत होतो. ते बराच वेळ कव्हर दुमडत राहिले. म्हणाले, तसं नाही गं, पण पुन्हा पाणी आलं तर मला ते रॅक काढणं व्हायचं नाही. मग रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. काही बोलले नाही, शटर अर्धं ओढून घेतलं.

डॉक्टरांना मी भेटून आलेय. झोपेसाठी म्हणून गुरुवारची वेळ घेतली आहे. आज सकाळी अप्पांनी विचारलं, "त्यांना पुरातलं पण सांगायचं का?" मी हो म्हटलं. "मग दोनहजार पाचपासून सांगावं लागेल," म्हणाले.

गुरुवारी जाऊन आल्यावर लिहिते. खालच्या दोन रॅकऐवजी भिंतीत वर लोखंडी मांडण्या ठोकायचा दादाचा विचार आहे. कुणी पूरपट्ट्यातल्या दुकानात तसं केलं असेल तर किती उंचीवर घेतल्या आणि वजन किती पेलतं, तेही कृपया सांगा.