स्केटबोर्डच्या फळीवर वारली काढायची आहे: रंग कोणता आणि वरून सील कशाने करू?

फलाट_पाच:
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्केटबोर्ड शिकतेय. श्रावणात तिचा वाढदिवस, म्हणून कोरी फळी घेऊन ठेवलीय. ७ थरांची मेपल, ८ इंच रुंद, छाप वगैरे काही नाही. खालच्या बाजूला गेरूच्या रंगावर पांढऱ्यात वारली काढायची आहे, तारपा नाच, म्हणजे तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा नाच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेनंतर ब्रश फारसा धरला नाही, पण रेषा बरी येते.

घरात आहे ते असं: अॅक्रेलिक रंग, पांढरे पोस्का पेन (रंगाचे मार्कर), आणि दाराला मारून उरलेल्या ऑईल वार्निशचा अर्धा डबा. हार्डवेअरवाला म्हणतो, वरून एपॉक्सी ओता, काचेसारखं होईल. मित्र म्हणतो, स्प्रेचा क्लिअर कोट मार आणि विसर. बोर्ड भिंतीवर टांगायचा नाही, ती तो रोज चालवणार आहे. चित्र टिकलं पाहिजे. सरावासाठी एक जुना, छाप असलेला बोर्डही मिळालाय, त्याची छाप कशी काढतात?

चाकवेडा:
मी चालवणाऱ्यांपैकी, रंगवणाऱ्यांपैकी नाही, तेव्हा एवढंच सांगतो. दोन्ही ट्रकच्या, म्हणजे चाकं धरणाऱ्या धातूच्या जोडांच्या, मधला पट्टा कठड्यावर, पाइपवर घासतो. बहीण नवी असेल तर ते इतक्यात होणार नाही. तिच्या बोर्डाचं पहिलं झिजेल ते टेलचं, म्हणजे मागच्या वर वळलेल्या भागाचं, टोक, कारण थांबायला आणि उचलायला सगळे टेल जमिनीवर दाबतात. टोकापासून दोन-अडीच इंचात बारीक काम करू नका. तिथे नुसता गेरू असू द्या.

नाशिकची_पॉलिशवाली:
फलाट_पाच, एपॉक्सीचं वाचलं आणि कामावरून आल्याआल्या लिहायला बसले. ते करू नका. आमचं घर फर्निचर पॉलिशचं. वडील लाखेचं पॉलिश करायचे, मी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारते, आणि गेली काही वर्षं स्केट करणाऱ्या मुलामुलींना फळ्या रंगवून देते. फळी ही टेबलाचा टॉप नाही. उडी मारून उतरलं की ती प्रत्येक वेळी थोडी वाकते आणि परत सरळ होते. ओतलेल्या एपॉक्सीचा जाड थर असा वाकत नाही. त्याला केसासारख्या भेगा जातात, मग कडेने कपच्या निघतात, आणि कपचीबरोबर खालचं चित्रही जातं. वजन वाढतं ते वेगळंच. चालवायच्या बोर्डाला थर पातळ हवा, लाकडाला धरून बसणारा हवा, आणि थोडं वाकणं सोसणारा हवा. सगळी निवड या एका गोष्टीवर करायची.

दाराचं वार्निशही बाजूला ठेवा. ऑईल वार्निश मुळातच पिवळसर असतं आणि महिन्यागणिक आणखी पिवळं पडतं. गेरूवर ते कळणार नाही, पण पांढऱ्या आकृत्यांना हळदीचा हात लागल्यासारखं दिसेल. वारलीत सगळा जीव त्या पांढऱ्यात आहे. लाखेचं पॉलिश मला जिवाभावाचं, पण ओल लागली की ते पांढुरकं होतं, ते चाकांखालच्या चिखलाला नाही. आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पावसाळ्यात नकोच. त्याचा थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि सगळ्या कामावर दुधी झाक येते.

तुमच्यासाठी पाण्यावर चालणारं क्लिअर पीयू, लाकडाचं, मॅट किंवा सॅटिन. डब्यावर ‘नॉन-यलोइंग’ लिहिलेलं बघून घ्या. स्प्रेचा डबाही लागेल, पण नुसत्या स्प्रेवर थांबू नका. त्याचा थर फार पातळ असतो, रोज चालवणाऱ्या बोर्डाला पुरत नाही.

आता कामाला लागताना. चित्राच्या आधी कडा. बोर्ड चित्रामुळे खराब होत नाही, कडेमुळे होतो. कड जवळून बघा, सात थर एकावर एक दिसतील. त्यातल्या बहुतेकांचे रेषे लांबीला आणि एक-दोघांचे आडवे असतात. हे उघडे रेषे पाणी पितात. ट्रकच्या बोल्टांची ८ भोकंही तशीच, तिथे तर कोणी बघतही नाही. पाणी आत गेलं की थर फुगतात, सुटतात, आणि उडी मारताना ‘टक्’ असा जो आवाज यायला हवा तो बसका होतो. तर आधी कडेला १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. कानाचा बड पीयूत बुडवून प्रत्येक भोकातून फिरवा. कडेला पाणी घालून सैल केलेला पीयूचा हात द्या. पहिला हात लाकूड गटागटा पिऊन टाकेल, काही लावलंच नाही असं वाटेल. वाळला की दुसरा द्या. दुसऱ्यानंतर बोटाला कड गुळगुळीत लागते, तेव्हा समजा बंद झाली.

ग्रिप टेप, म्हणजे वरच्या बाजूला पाय धरायला लावतात ती खरखरीत चिकटपट्टी, याच्याही आधी लावा. हे उलटं वाटेल, पण टेप लावल्यावर तिची कड कानशीने घासून मग ब्लेडने कापतात. त्या घासण्यात कडेचं फिनिश ओरखडतं. टेप आधी कापून झाली की कड नंतर निर्धास्त सील करता येते. वरून मास्किंग टेप लावून झाका, नाहीतर रंग त्या वाळूत शिरतो आणि निघत नाही.

पोटाला, म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूला, २२० चा पेपर रेषांच्या दिशेने, हाताने. मशीन लावू नका. वरचा थर जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो, आणि नोज (पुढचं टोक) आणि टेलच्या वळणावर मशीन तो बघता बघता खाऊन टाकते. मग ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. वाळल्यावर लाकडाची लव उभी राहिलेली हाताला लागेल. परत २२० चा हलका हात. ही लव आत्ता काढली नाही तर ती रंगाखाली उभी राहते आणि पोस्काची निब तिच्यावर अडखळते.

गेरू खराच कालवून लावायचा मोह होईल. नुसता गेरू भुकटीसारखा सुटतो, वरचा कोट त्याला धरत नाही. अॅक्रेलिकमध्ये बर्न्ट सिएना घ्या, त्यात थोडा रेड ऑक्साइड. स्पंजच्या छोट्या रोलरने पातळ हात, वाळू द्या, दुसरा हात. ब्रशने मारलात तर ब्रशच्या रेघा राहतात आणि आकृत्यांच्या बारीक रेषा त्यावर थरथरतात. ट्रक जिथे बसतात त्या दोन चौकोनात रंग अगदी पातळ ठेवा. बोल्ट आवळले की जाड रंग तिथे दबतो, चिकटतो, आणि ट्रक काढायच्या दिवशी सालपटासकट निघतो.

गेरूची जमीन रात्रभर वाळली की आकृत्या. पोस्का हलवून, निब आधी कागदावर दाबून घ्या, एकदम फळीवर नको, नाहीतर टिपका पडतो. ओल्या रेषेवरून परत फिरवू नका, खालचा रंग ओढला जाऊन पांढरा गुलाबी दिसतो. पूर्ण वाळू द्या आणि मगच दुसऱ्यांदा गिरवा. दोन त्रिकोणांची टोकं जिथे मिळतात, ती कंबर, तिथे हात सावकाश. ती जाड झाली की माणूस नाचत नाही, नुसता उभा राहतो.

आता सील. इथे घाई केली की आधीचं सगळं वाया जातं. पोस्का पाण्यावरचा रंग आहे. त्यावर ओल्या पीयूचा ब्रश सरळ फिरवलात तर पांढरं पसरण्याची भीती असते. म्हणून आधी अॅक्रेलिक क्लिअर स्प्रे, साधारण एका फुटावरून, नुसते धुक्यासारखे हात. पहिल्या हातात पृष्ठभाग ओला दिसताच कामा नये. स्प्रेमधलं सॉल्व्हंट अॅक्रेलिकला मऊ करतं, भरभरून मारलं की रेषा वाहते. असे तीन-चार हलके हात, मध्ये वाळवत. आता चित्र बंदिस्त झालं. मग पीयू. डबा हलवायचा नाही, काडीने ढवळायचा, हलवला की बुडबुडे येतात. फोमच्या ब्रशने नोजपासून टेलपर्यंत एकाच दिशेने. पहिल्या दोन हातांमध्ये पेपर लावू नका, चित्राला लागेल. दुसऱ्यानंतर ४०० नंबरचा अगदी हलका हात, पुसून तिसरा, तसाच चौथा. टेलला एखादा जास्त.

यापेक्षा टणक हवं असेल तर हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू असतं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे जो क्लिअर मारतात, तोही त्याच जातीचा. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासावाटे जाणं फार वाईट. कागदी मास्क त्याला काही करत नाही, कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा लागते. घरात, धाकट्या बहिणीच्या खोलीशेजारी तर मुळीच नको. हवाच असेल तर फळी कारागिराकडे नेऊन द्या आणि त्याला सांगा, खाली अॅक्रेलिक आहे, पहिला हात कोरडा मार.

जुन्या बोर्डाचं: त्यावर कठड्यांना लावतात ते मेण असणार. आधी टर्पेंटाइनने दोन-तीनदा पुसा, दरवेळी नवं फडकं. तसंच घासलंत तर पेपर चिकट होतो, मेण लाकडात शिरतं आणि नवा रंग त्यावरून मागे सरकून गोल गोल डाग सोडतो. छाप बहुतेक वेळा उष्णतेने चिकटवलेली पातळ फिल्म असते. हीट गनने मऊ करून पसरट पट्टीने निघते, उरलेली ८० नंबरने. मास्क बांधा, ती धूळ रंगाची आहे.

डहाणूची_पोर:
पॉलिशवाल्या ताईंनी कामाचं सगळं सांगितलं, मी चित्राबद्दल बोलते. तारपा नाच घेतलात ते चांगलं. शेत, मासेमारी, झाडं, मुंग्या, मोर, काहीही काढा. पण लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी बोर्डावर नको. तो चौक लग्नघरात सवाशिणी काढतात, तो पूजेचा आहे. जमिनीवर घासणाऱ्या फळीवर तो बघून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना वाईट वाटेल. जिव्या सोमा मशे यांनी वारली भिंतीवरून कागद-कापडावर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा चित्र भिंतीबाहेर गेलं म्हणून कोणी रागावत नाही. कुठे काय काढायचं एवढंच बघा.

आणि ८ इंचात नाचाचं पूर्ण वेटोळं दाटीचं होतं. तारपावाला मध्ये ठेवा, त्याच्याभोवती एकच वळण घ्या आणि नाचणाऱ्यांची रांग तिथून सुटून लांबीने नोजकडे जाऊ द्या. आमच्याकडे भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. तुमच्या निबने सगळ्या रेषा एकसारख्या येतील. हातपाय बारीक निबने, त्रिकोण जाड निबने भरा, म्हणजे जिवंत वाटेल.

फलाट_पाच:
दोघींचे मनापासून आभार. चौकाचं मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. रांग नोजकडे नेण्याची कल्पना तर लगेच कागदावर काढून पाहिली, सुंदर दिसतेय. ताई, एक राहिलं. डोंबिवलीत नुसती झड लागलीय, गॅलरी ओली, कपडे वाळत नाहीत. पीयू वाळेल का? आणि ट्रक कधी लावू?

नाशिकची_पॉलिशवाली:
वाळेल, सावकाश वाळेल. स्प्रे मात्र उघडीप बघून दुपारीच मारा, गॅलरीत, पाऊस थांबलेला असताना. पीयू घरात चालेल. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा. पंखा फळीवर सोडू नका, वर साय धरते आणि आत ओलं राहतं, धूळ बसते ती वेगळी. दोन हातांमध्ये उन्हाळ्यात दोन-तीन तास पुरतात, तुम्ही एक रात्र जाऊ द्या. फळी आडवी ठेवण्यापेक्षा बोल्टच्या भोकातून तार घालून टांगा, म्हणजे कडा कशाला टेकत नाहीत.

शेवटच्या हातानंतर हाताला कोरडं लागलं म्हणून ट्रक लावू नका. निदान दोन आठवडे द्या. मग ट्रकच्या चौकोनात, जिथे नंतर दिसणार नाही तिथे, नख दाबून बघा. खूण राहिली तर अजून थांबा. वाढदिवस आधी आला तर तिला फळी नुसतीच द्या आणि ट्रक नंतर तिच्यासमोर बसवा. मुलांना ते काम आवडतं.

गेरूच्या मिश्रणातलं थोडं घट्ट झाकणाच्या बाटलीत काढून ठेवा. तोच रंग परत जुळवणं कठीण. टेलचं टोक झिजून पांढरं लाकूड दिसायला लागलं की त्याच आठवड्यात कोरड्या दिवशी २२० ने घासून आधी पीयू, मग तो रंग, मग परत पीयू. ओलं असताना त्यावर काही लावू नका, ओल आत कोंडली जाते. आणि पावसात भिजून आली तर फळी उभी करून पुसून ठेवायची, उन्हात नाही, सावलीत. हे तिला पहिल्याच दिवशी सांगा.