विषय: नाशिकच्या खोलीच्या जोत्याला वीट कुठली?

नमस्कार मंडळी,
आईबाबांच्या नाशिकच्या बंगल्यामागे, पेरूखाली, दहा बाय आठची खोली बांधायची आहे. अवजारं, खताच्या गोणी वगैरे ठेवायला. इथे इंग्लंडात, लीड्सला, आमच्या शेडच्या पायाला मी ‘बी’ वर्गाच्या इंजिनिअरिंग विटा घातल्या होत्या, ७ टक्क्यांच्या आत पाणी पिणाऱ्या. तशा नाशकात मिळतील का? गवंडी म्हणतो, “लाल वीट टाकू साहेब, काय होतंय!”
– लीड्सकर

—

अरे लीड्सकर,
मी मार्चपर्यंत नाशकातच आहे, तेव्हा उत्तर माझ्याच गळ्यात. तिकडची वीट तिकडेच राहू दे. तिकडे विटेत मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं, पापुद्रे सुटतात. इथला वैरी लोणा. जमिनीतली ओल क्षार घेऊन चढते, पाणी उडून जातं, क्षार वीट पोखरत बसतात. आमच्या माळ्याच्या खोलीत भिंतीला हात टेकला तर तळहातावर पीठ येतं.

पण विटेआधी माती बघ. काळी असेल तर पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळणार. मुरूम लागेपर्यंत खण. जमिनीखाली मी तरी वीट घालणार नाही, काळा दगड घालीन. काळाराम मंदिराच्या गावात दगडाला काय तोटा! वर विटेचं जोतं अंगणापासून दीड फूट, त्यावर डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर. ती गवंड्याला ‘नंतर करू’ म्हणू देऊ नकोस.

लाल वीट चालेल, पण पक्की भाजलेली हवी. आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे साधी वीट २४ तास बुडवल्यावर कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला नको. म्हणजे तीन किलोची ३.६ च्या वर गेली की परत. दोन विटा एकमेकींवर वाजव, खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठला तर कच्ची. खंगर, म्हणजे जास्त भाजलेली वीट वाकडी असते, ती फोडून कोब्याखाली भर. आणि नमुना ट्रकमधून आपण निवडायचा, ‘ही घ्या साहेब’ म्हणून हातात दिलेला नाही.
– काका

—

काका,
भावाने तीन विटा गच्चीवर बादलीत बुडवल्या. बाबांनी त्याला स्वयंपाकघरातला काटा दिला, त्यावरून आई दोघांशी बोलत नाहीये. ३.१ ची ३.६ झाली, ३ ची ३.५. तिसरी २.९ ची थेट ३.६!
तिसरी गवंड्याने दिलेली.
– लीड्सकर