रिंकू सिंगचं बेसबॉल: स्वप्नपूर्ती की खोगीरभरती?

नदीकाठ
आधीच सांगतो, हा केकेआरवाला रिंकू नव्हे. हा भदोही जिल्ह्यातला डावखुरा भालाफेकपटू. पुढे वीर महान नावाने कुस्तीच्या रिंगणात दिसला तो. २००८ मध्ये भारतात बेसबॉलसाठी जोरात चेंडू टाकणारी पोरं शोधायला एक रिॲलिटी शो झाला होता. ३७ हजारांहून जास्त पोरांतून हा पहिला आला. तोवर बेसबॉल कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण चेंडू ताशी ८७ मैलांनी टाकला. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल क्लबने त्याला आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं. हॉलिवूडने सिनेमाही काढला. सगळे गहिवरले.

माझं म्हणणं करारानंतरच्या वर्षांबद्दल आहे. रिंकू झाला रिलीफ पिचर, म्हणजे सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा, 'स्टार्टर') थकल्यावर पुढचे डाव सांभाळणारा. खालच्या लीगमध्ये, म्हणजे मायनर लीगमध्ये, क्लबचा जीव अडकलेला असतो चार-पाच स्टार्टरमध्ये. त्यांचा हात जपायचा म्हणून ठरावीक चेंडूंनंतर त्यांना बाहेर काढतात. उरलेला सामना कोणीतरी टाकायलाच हवा. तो 'कोणीतरी' हाच. २०२० पर्यंत सिंगल-एचा (मायनर लीगची खालची पायरी) किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता आणि तोही फक्त मोसमापुरता. मोसमाआधीच्या सराव शिबिराचे पैसे मिळायचे नाहीत. २०१८ मध्ये तर अमेरिकन संसदेने कायदा करून या पोरांना ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलं. ही स्वप्नपूर्ती नाही, खोगीरभरती आहे.

ठसका
साफ असहमत. २०१२ चे आकडे बघा. वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या पायरेट्सच्या सिंगल-ए संघाकडून ३९ सामने, ७२ डाव, ६५ स्ट्राइकआउट (चेंडू न मारताच बाद झालेले फलंदाज) आणि नऊ डावांमागे, म्हणजे पूर्ण सामन्यामागे, सरासरी ३ धावा दिल्या. चार वर्षांपूर्वी ज्याने ग्लोव्ह पाहिला नव्हता, त्याचे हे आकडे. समोर शाळेपासून हेच खेळलेली अमेरिकन पोरं. खोगीरभरतीला कोणी ७२ डाव देत नाही.

नदीकाठ
उलट, तिलाच देतात. ज्याच्या हाताची काळजी आहे त्याला मोजून देतात.

काकडआरती
पद्माकर शिवलकर. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी आणि कसोटी शून्य. शिवाजी पार्कात कोणाला सांगून बघा की त्यांची कारकीर्द वाया गेली. वर पोचला तरच खेळाडू, ही मोजपट्टीच मला मान्य नाही.

गल्लीतला_अंपायर
काका, शिवलकरांचं नाव इथे नको. रणजी करंडक जिंकणं हीच मोठी गोष्ट होती, मुंबई त्यासाठी जीव टाकायची. मायनर लीगमध्ये करंडकाचं क्लबला सोयरसुतक नाही. चांगला खेळला की ऐन मोसमात उचलून वर नेतात, खालचा संघ हरला तर हरला. शिवाय आपल्याकडे तेव्हा टाटा, एसीसी, बँका खेळाडूंना नोकरी द्यायच्या. मायनर लीगवाला थंडीत गोदामात खोकी उचलायचा. आणि रिंकू डबल-एपर्यंतही (सिंगल-एच्या वरची पायरी) पोचला नाही, हे विसरू नका.

चार्ल्सटनकर
मी त्या काळात पॉवर संघाच्या गावी, चार्ल्सटनला होतो, त्यांच्या सामन्यांना जायचो. तिथे एक पक्का प्रेक्षक चक्क टोस्टर घेऊन बसायचा. समोरचा फलंदाज स्ट्राइकआउट झाला की भाजलेले पाव गर्दीत भिरकवायचा. रिंकूने गडी काढला की आमच्या अंगावर पाव. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण एक सांगतो. रिलीफवाल्याचं अर्धं काम स्कोअरकार्डात येतच नाही. सातव्या डावात दोन फलंदाज बेसवर गेले की कोचचा इशारा येतो. हा जॅकेट काढतो, दहा-पंधरा चेंडू जोर लावून टाकतो. तेवढ्यात आतला पिचर डबल प्ले (एका चेंडूत दोन गडी) काढतो. हा परत जॅकेट घालून बाकावर. आठव्या डावात पुन्हा तेच. रात्री नोंद काय? खेळला नाही. उद्या कोच विचारणार, हात ताजा आहे ना? खालच्या लीगमध्ये 'नाही' म्हणायची कोणाची छाती होत नाही.

मिरजमसाला
मग कोपर जाईल नाहीतर काय! २०१३ पासून तीन मोसम त्याचे दुखापतीत गेले. भालाफेकीतही ताण कोपराच्या आतल्या त्याच अस्थिबंधावर येतो, म्हणजे आधीच वापरलेला हात.

ठसका
दुखापत स्टार्टरलाही होते, कोपराच्या त्या अस्थिबंधाचं ऑपरेशन ज्या टॉमी जॉनच्या नावाने ओळखतात तो स्टार्टरच होता. आणि क्लबने तीन वर्षं जायबंदी पिचर सांभाळला, हे नदीकाठ यांच्या 'वापरा आणि फेका' सिद्धांतात कुठे बसतं? दिनेशला २०१० संपताना नारळ दिला, रिंकूला ठेवला. कारण तो कामाचा वाटत होता.

नदीकाठ
किंवा भारतात टीव्ही हक्क विकायचे होते म्हणून. सिनेमा २०१४ चा आहे, तारीख बघा.

ठसका
हा तर्क आहे, पुरावा नाही.

नदीकाठ
मान्य, तर्कच आहे. पुराव्याचं बोलू. मायनर खेळाडूंनी पगारासाठी केलेल्या खटल्यात २०२२ मध्ये मेजर लीगने (सर्वात वरची लीग) १८.५ कोटी डॉलर मोजून तडजोड केली. त्याच वर्षी मायनरवाले खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या करारात सिंगल-एचा वर्षाचा पगार ११ हजारांवरून २६,२०० डॉलर झाला. सगळं न्याय्यच चाललं होतं तर दुपटीहून जास्त वाढ द्यावी का लागली?

गल्लीतला_अंपायर
दुसरी बाजूही वाचा. २०२१ मध्ये मेजर लीगने मायनरच्या ४० हून जास्त संघांची संलग्नता काढली. नव्या करारात प्रत्येक क्लबच्या मायनर खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ वर आणली. पंधरा जागा गेल्या. पहिले कोण गेले असतील? बिनओळखीचे, उशिरा शिकणारे, सिंगल-एचे रिलीफवाले. आजच्या पगारात आजच्या रिंकूला घेतलाच नसता.

ठसका
तेच तर म्हणतोय! २९० डॉलरच्या त्या वाईट व्यवस्थेतच भदोहीच्या पोराला दार उघडं मिळालं.

मिरजमसाला
दार उघडं होतं म्हणून भाडं कापायचं का?

काकडआरती
अवांतर: चार्ल्सटनकर, ते पाव खायचे की नुसते झेलायचे?

चार्ल्सटनकर
पोरं खायची. लोणी नसायचं.