टीओडी मीटर: आपण रूटीन का बदलायचं?

घामट_नागरिक: नवीन टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं) मीटर बसलं, आता म्हणे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज वापरा, सवलत मिळेल. अहो त्या वेळेत घरी असतं कोण, वॉशिंग मशीन काय मांजराने लावायची? लोकांना लागेल तेव्हा वीज बनवणं हे त्यांचं काम, आमचं नाही.

तारतंत्री: वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही ना राव. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली की सगळ्या ग्रिडवरचे (देशभर जोडलेल्या वीजजाळ्यातले) जनरेटर किंचित हळू फिरायला लागतात, फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) ५० हर्ट्झच्या खाली घसरते. आपला ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५, बघा किती अरुंद. दुपारी सोलर उतू जातं आणि सूर्य बुडाला की नेमके तेव्हाच सगळ्यांचे दिवे, मिक्सर, एसी. कोळशाचा बंद संच बटण दाबून चालू होत नाही, बॉयलर तापायलाच कित्येक तास जातात.

घामट_नागरिक: मग कोयना कशाला बांधली, पाण्यावरची वीज तर झटपट चालू होते ना? ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ ला देशाने दिवे घालवले, काही मिनिटांत ३१ हजार मेगावॉट मागणी गायब, पडलं का ग्रिड?

तारतंत्री: दोन दिवस आधी माहीत होतं म्हणून जमलं! हायड्रो (पाण्यावरची वीज) मुद्दाम चढवून ठेवलेलं, ऐन वेळी झपकन उतरवलं, तरी फ्रिक्वेन्सी ५०.२६ ला टेकलीच. हे रोज संध्याकाळी करायचं म्हटलं तर कोयनेचं पाणी पुरायला नको? वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय.

सांगलीचा_गडी: आन ते पाणी आमच्या उसाला पण लागतंय, इसरू नका. रूटीनचं म्हणाल तर आमी वर्षानुवर्षं रात्री बाराला उठून मोटर चालू करतोय, बॅटरीच्या उजेडात दारं धरायची, पायाखाली साप हाय का काय कळत नाय. का? तर रात्री शहरं झोपल्यावर वीज उरती ती आमाला. तुमचं ग्रिड आमच्या झोपंवर सांभाळलं, तवा कुणी धागा काढला नव्हता. आता कुठं सोलर फीडरवर (शेतीसाठीच्या सौर विजेच्या लाइनीवर) दिवसा लाईट मिळाया लागली.

घामट_नागरिक: दादा ते चूकच होतं, मान्य. पण तुमच्यावर अन्याय झाला म्हणून आता आमच्यावरही करा, हा कुठला न्याय? घाटघरच्या वीज प्रकल्पासारखं करा की, दुपारी पाणी वर चढवा, संध्याकाळी सोडा.

तारतंत्री: घाटघर २५० मेगावॉटचं आहे, एकट्या मुंबईलाही पुरणार नाही. आणखी बांधायला हवेतच, बॅटऱ्याही हव्यात, पण तो खर्च बिलातच येणार. त्यापेक्षा गीझरला टायमर लावा की.

सांगलीचा_गडी: आन मांजराला मशीन शिकवा 😄