रिकामा फ्लॅट आणि भाड्याचा हिशेब
भाडे उतरवण्यापेक्षा फ्लॅट महिना-दोन महिने रिकामा राहिलेला परवडतो, हे आपले म्हणणे मला पटत नाही. २५,००० रुपयांच्या भाड्यात दीड हजारांची सूट दिली, तर अकरा महिन्यांत १६,५०० रुपये जातात. एक महिना कुलूप राहिले तरी नुकसान त्याहून मोठे होते आणि सोसायटीचा देखभाल खर्च चालूच राहतो. जाहिरातीत अनामत रक्कम, पाण्याची वेळ आणि पार्किंग स्पष्ट लिहावे. मात्र भाडेकरू मिळाल्याच्या घाईत नोंदणी टाळू नये, ही कळकळीची विनंती: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी घरमालकाची असते, आणि नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.