सिरिंज उकळायची म्हणजे काय करायचं, मॅडम?

मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलला एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, सिरिंज उकळायची म्हणजे आत औषध भरून उकळायची का?" वर्गात कुणी हसलं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं. मी एकटीच हसले आणि मग जरा दचकले.

१९८६ साली मी जी.एन.एम.ला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) आले, तेव्हा सकाळच्या ड्युटीचं पहिलं काम म्हणजे स्टरिलायझर, म्हणजे रिकाम्या सिरिंज आणि सुया पाण्यात उकळायचं भांडं, लावणं. काचेच्या सिरिंजच्या नळीवर आणि दांड्यावर नंबर कोरलेले असायचे. ते जुळले नाहीत तर दांडा अडकायचा, नाहीतर औषध मागून गळायचं. सुईचं टोक कापसावरून ओढून पाहायचं, तंतू अडकला की समजायचं टोक वळलंय, दगडावर घासावं लागणार. सिरिंज फुटली तर ब्रेकेजच्या वहीत नाव आणि पगारातून पैसे कापले जायचे.

यंदा मी निवृत्त होतेय. १२ मेला, परिचारिका दिनी, दरवर्षी दिवे लागतात, भाषणं होतात, पण त्यात यातलं काही येत नाही. म्हणून ज्यांनी वॉर्डात वीस-पंचवीस वर्षं काढलीत त्यांनी इथे लिहा. वॉर्डात काय होतं आणि आता काय आहे, तेवढंच.
(पाठ्यनिर्देशिका, नाशिक)

निवृत्त अधिसेविका, सोलापूर

मॅडम, ग्लोव्हज राहिले की! वापरलेले ग्लोव्हज धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, हवा भरून भोक आहे का पाहायचं, पावडर लावून जोड्या करून ड्रममध्ये भरायचे. दुपारच्या ड्युटीला जरा निवांत मिळालं की गॉझ कापत आणि पॅड करत बसायचं. आयाबाई, विद्यार्थिनी, मी, सगळ्या एका टेबलाभोवती. वॉर्डातल्या निम्म्या भानगडी तिथेच कळायच्या, आणि कुठल्या पेशंटचं काय बिघडतंय तेही.

मला विचाराल तर माझी नोकरी दोन भागांत आहे, किल्लारीच्या आधीची आणि नंतरची. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्याकडे जखमी यायला लागले ते ट्रकने, टेम्पोने. माणसं मातीच्या रंगाची झालेली, कोण म्हातारं कोण तरुण कळेना. आधी तोंडातली आणि नाकातली माती काढायची, मग बाकीचं. केसपेपर करायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही चिकटपट्टीवर गावाचं नाव लिहून दंडाला लावत होतो. माणसाचं नाव सांगायला सोबत कुणी नसायचंच. ढिगाऱ्याखाली पाय दबलेला एक माणूस बोलत होता, चहा मागत होता. संध्याकाळी त्याची लघवी चहाच्या रंगाची झाली. स्नायू चिरडले की मूत्रपिंड बंद पडतं, हे आम्ही पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. तेव्हापासून अपघाताच्या पेशंटची युरिन बॅग मी स्वतः वाकून पाहते. पाहायची, म्हणजे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली.

आपत्तीची मॉक ड्रिल, कोण किती गंभीर ते दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या हे सगळं नंतर आलं. चांगलंच आहे. आमच्या चिकटपट्ट्या घामाने निघून जात होत्या.

अधिपरिचारक, नागपूर

एका पुरुषाचाही अनुभव येऊ द्या. २२ वर्षं झाली, अजून निम्मे पेशंट मला "डॉक्टर" म्हणतात आणि उरलेले "कंपाउंडर". "ब्रदर" फक्त स्टाफ म्हणतो. लग्नाच्या बायोडाटात आमच्या काकांनी "मेडिकल लाईनमध्ये" एवढंच लिहिलं होतं. मुलीकडच्यांना वाटलं माझं औषधांचं दुकान आहे.

परिसेविका, सांगली जिल्हा

सोलापूरच्या ताईंनी ग्लोव्हज धुण्याचं लिहिलंय, ते वाचताना हसू येतं. पण त्याच ग्लोव्हजनी आम्ही डिलिव्हरी घेत होतो आणि बऱ्याचदा तेही नसायचे.

१९९६ मध्ये मला सुई टोचली. तेव्हा इंजेक्शन दिल्यावर दोन्ही हातांनी टोपण परत बसवायचो, शिकवलंच तसं होतं. रात्रीचे तीन वाजलेले, टोपण चुकलं आणि सुई अंगठ्यात गेली. पेशंट 'तसला', म्हणजे एच.आय.व्ही.चा, आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या कॉटजवळ जेवणाचं ताट वॉर्डबॉय मामा पायाने सरकवायचा. मी नळाखाली हात धरला आणि रक्त दाबून काढत राहिले. तसं दाबायचं नसतं, हे नंतर कळलं. औषध वगैरे काही नव्हतं. सीनियर म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, तीन महिन्यांनी टेस्ट कर, मग सहा महिन्यांनी." माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ते सहा महिने मी घरी काय काय कारणं सांगितली ते इथे लिहिणार नाही. टेस्ट निगेटिव्ह आली. नवऱ्याला हे मी १० वर्षांनी सांगितलं.

मोफत ए.आर.टी., म्हणजे एच.आय.व्ही.वरचे औषधोपचार, एप्रिल २००४ मध्ये सुरू झाले. आता सुई टोचली तर धुवायचं, कळवायचं, आणि शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत पी.ई.पी. (लागण टाळायचं औषध) सुरू करायचं. वॉर्डात सुया-ब्लेडसाठी न भोसकणारा पांढरा डबा असतो. नवीन मुली त्या डब्यावरून कटकट करतात, कुणी त्यात बिस्किटाचा कागद टाकते. मी ओरडते तेव्हा त्यांना वाटतं मॅडमचं डोकं फिरलंय. फिरू दे.

आरोग्य सेविका, नंदुरबार जिल्हा

तुम्ही सगळ्या दवाखान्यातल्या. आमचं ए.एन.एम.चं वेगळं. कागदावर डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, पण ते तीन हजार लोक राहतात किती पाड्यांवर ते कागद सांगत नाही.

१९९१ ला लागले तेव्हा आमचा देव म्हणजे टार्गेट. नसबंदीच्या केसेस. मार्चअखेर आली की तहसील, ग्रामसेवक, मास्तर सगळेच केस शोधत फिरायचे, एकाच बाईच्या दारात तिघं उभे! १९९६ ला टार्गेट बंद झालं. पण पहिली दोन-तीन वर्षं तरी मला बघून बायका मागच्या दाराने जायच्या. लस द्यायला आलेय हे पटवायलाच सकाळ जायची. माझी पावरी बोली सुधारली ती त्यांना दारात थांबवून ठेवता ठेवता.

लसीचा डबा खांद्याला, चार बर्फाच्या पिशव्या, आणि पाड्यावर पोचेपर्यंत लस जिवंत आहे की मेली हे देवालाच ठाऊक. पुढे कुपीवर तो छोटा वर्तुळातला चौकोन आला. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चालेल, तेवढाच गडद झाला तर फेकायची. इतक्या योजना आल्या, पण माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा तो चौकोन. साहेबाला विचारायला नको, आपल्याला दिसतं.

२००५ नंतर आशा ताई आल्या, २०१४ ला १०८ आली. बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. आता हातात टॅब आहे, त्यात नोंदी भरायचं 'अनमोल' ॲप. नेटवर्क शाळेच्या मागच्या टेकडीवर मिळतं. दिवसभर वहीत लिहायचं, संध्याकाळी टेकडीवर जाऊन भरायचं. वही बंद केली असं वर सांगतात.

स्टाफ नर्स, खासगी रुग्णालय, पुणे

मला सहाच वर्षं झालीत, पण लिहिते. सीनियर मॅडम लोक नेहमी म्हणतात, तुम्ही पेशंटला हात लावत नाही, कॉम्प्युटरलाच चिकटलेल्या. खरंय. रात्री मला १२ पेशंट असतात. एकेका पेशंटचा पडण्याचा धोका, बेडसोअरचा (पडून राहून पाठीला होणाऱ्या जखमांचा) धोका, वेदनेचा स्कोअर, सगळं दर शिफ्टला भरायचं. नाही भरलं तर मेमो, आणि पाठ चोळली नाही तर कुणाला कळतही नाही. मग माणूस काय करेल? आधीच्या हॉस्पिटलने माझी ओरिजिनल सर्टिफिकेट्स दोन वर्षं ठेवून घेतली होती. बॉण्डचे पैसे भरून सोडवली.

निवृत्त परिसेविका, मुंबई

पुण्याच्या मुलीचं वाचून गप्प बसवेना. बाळ, आम्ही फार प्रेमळ होतो असं काही नाही. आमच्याकडेही कॉटच्या मधल्या जागेत गादी टाकून पेशंट असायचे. फरक इतकाच, की आमची नोकरी पक्की होती, सर्टिफिकेट आमच्याच ट्रंकेत असायचं.

आणि पाठ चोळण्याचं म्हणशील तर अरुणा शानबाग आठव. के.ई.एम. रुग्णालयातली नर्स. १९७३ मध्ये तिथेच तिच्यावर हल्ला झाला, ती कायमची अंथरुणाला खिळली, २०१५ मध्ये ती गेली. ४२ वर्षं के.ई.एम.च्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. ज्यांनी शेवटी तिला भरवलं, त्यातल्या कितीतरी जणींचा हल्ला झाला तेव्हा जन्मही झाला नव्हता. लोक त्यावर हळवं बोलतात. मला त्याआधीचं आठवतं, की रुग्णालयाच्या आतच नर्सवर हे झालं म्हणून नर्सेसनी काम बंद केलं होतं. नाईटला एकटीने बेसमेंटमध्ये कपडे बदलायला जायचं नाही, हे आम्हाला होस्टेलच्या पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. दिवा कुठे नाही, कडी कुठे मोडलीय, सगळं पाठ. तुमच्याकडे कॅमेरे आलेत, पण ड्युटी संपल्यावर घरी कशी जातेस, तेही लिही कधीतरी.

स्टाफ नर्स, बर्मिंगहॅमजवळ

मी लातूरची. १५ वर्षं तिकडे करून इकडे आले. इंग्रजी परीक्षेत दोनदा लिखाणात आपटले, तिसऱ्यांदा पास झाले. इथे साडेबारा तासांचा 'लाँग डे'. औषध देताना पेशंटच्या मनगटावरचा बारकोड स्कॅन करायचा.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. इथे नाडी, श्वास, बी.पी. वगैरे मिळून एक स्कोअर निघतो. तो ५ झाला की डॉक्टरला तातडीने बोलवायचंच, आणि ते मी बोलवायचं. लातूरला रात्री सरांना उठवायचं तर आधी पाच मिनिटं वाक्य जुळवायचे, "सर, सॉरी सर, तो सात नंबरचा पेशंट जरा..." इथे पहिल्यांदा कॉल केला तेव्हाही तोंडातून आधी सॉरीच निघालं. पलीकडची डॉक्टर म्हणाली, सॉरी कशासाठी?

पाठ्यनिर्देशिका, नाशिक

सगळ्यांचं वाचतेय. त्या विद्यार्थिनीलाही वाचायला दिलं. तिचा पुढचा प्रश्न असा, की इन्फ्युजन पंप नसताना सलाईनचा वेग कसा ठरवायचात? तिच्यासाठी: १५ थेंबांचा सेट (एका मिलीला १५ थेंब) असेल तर तासाला जितके मिली द्यायचेत त्याचा चौथा भाग म्हणजे मिनिटाचे थेंब. ५०० मिली आठ तासांत म्हणजे साधारण १६. घड्याळ कानाजवळ नाही, ड्रिप चेंबरच्या शेजारी धरायचं, म्हणजे एकाच नजरेत काटा आणि थेंब दोन्ही दिसतात.

निवृत्त अधिसेविका, सोलापूर

एवढ्या सगळ्यांनी लिहिलं आणि व्हेरिकोज व्हेन्सवर (पायांच्या फुगलेल्या शिरांवर) एकीनेही नाही! मी हे पाय उशीवर ठेवून लिहितेय.