3 वूड बॅगेतून काढून टाका (आणि मग भांडायला या)

दांडियाबाजारवाला
मंडळी, आज जरा स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालेल. आपल्यासारख्या रविवारच्या रविवार गोल्फ खेळणाऱ्या माणसाने 15 डिग्रीचा 3 वूड (लांब मारायचा, मोठ्या डोक्याचा क्लब) बाळगणं म्हणजे लग्नातली शेरवानी रोज कपाटातून काढून बघण्यासारखं आहे. मी दीड वर्ष बाळगला. सेकंडहँड घेतलेला, स्टिफ शाफ्ट (कडक दांडा), विकणारा म्हणाला एकदम मक्खन. टीवरून (बॉल ठेवायची छोटी खुंटी) ठीकठाक जायचा, पण जमिनीवरून? गेल्या जानेवारीत बडोद्याच्या राजवाड्याच्या कोर्सवर पार 5 ला (पाच फटक्यांच्या लांब होलला) ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) चक्क सरळ बसला, गवत थंडीने बसकं झालेलं, बॉल टणक जमिनीला अगदी चिकटून, आणि मी ऐटीत 3 वूड काढला. कॅडी (बॅग उचलणारा) हळूच म्हणाला, "साहेब, आ रहेवा दो ने, सात नंबर आपुं?" (हा राहू द्या ना, सात नंबर देऊ?) सात नंबर म्हणजे 7 आयर्न, जवळच्या फटक्याचा क्लब! अपमान वाटला. मारला. बॉलच्या डोक्यावर लागला, गवतातून सरपटत चाळीसेक यार्ड गेला, बाजूला दोन मोर चरत होते त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.
कारण साधं आहे, लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा, तेच हे डिग्री) कमी असला की बॉल वर चढवायला वेग लागतो आणि माझा ड्रायव्हरच जेमतेम 200 यार्ड जातो. तेवढ्या वेगात 15 डिग्रीचा बॉल हवेत टिकतच नाही, 18 वाला टिकतो, म्हणून माझा 5 वूड 3 पेक्षा लांब पडतो, कागदावर काहीही लिहिलेलं असो. पावसाळ्यात तर रोल मिळतच नाही, सगळा हिशोब कॅरीचा, म्हणजे बॉल हवेतून जातो त्या अंतराचा. आता 5 आणि 7 वूड ठेवलेत (7 म्हणजे 21 डिग्री) आणि मी सुखात आहे.

फतेगंज_फेड
भाऊ तुझं दुखणं तुझ्या स्विंगचं आहे, खापर क्लबवर फोडतोयस. 3 वूड फक्त जमिनीवरून मारायला असतो असं सांगितलं कोणी? दोन्ही बाजूंनी झाडं असलेल्या अरुंद होलवर टीवरून ड्रायव्हर काढायची हिंमत आहे का तुझी? ड्रायव्हरचा शाफ्ट 45 इंचाच्या वर, 3 वूडचा 43 च्या आसपास, दोन इंचांनी केवढा फरक पडतो हे झाडात बॉल शोधणाऱ्याला विचार. टी अगदी खाली ठेवायची, बॉलचा थोडासाच भाग क्लबच्या वर दिसला पाहिजे. मी हँडिकॅप (जितका कमी तितका खेळाडू चांगला) 14 वर आलो तो या एका क्लबमुळे, काढणार नाही म्हणजे नाही.

दांडियाबाजारवाला
अरे पण टीवरून मारायचंय तर 5 वूडने मार की! शाफ्ट अजून अर्धा इंच कमी, लॉफ्ट जास्त म्हणजे बॉल आडवा कमी वळतो. दहा-बारा यार्ड गेले तर गेले, बॉल तरी मिळेल. आणि 14 क्लबची मर्यादा आहे, टीवरच्या तीन होलसाठी एक जागा अडवायची परवडते का?

हायब्रिडभक्त
दोघंही चुकताय 😄 दोन्ही वूड विकून हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) घ्या, विषय संपला. रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) वूडचं डोकं गवतात अडकतं, हायब्रिड कापत जातं. माझा 4 नंबर उतारावरून, डिव्हॉटमधून (गवत उखडलेल्या खड्ड्यातून), कुठूनही निघतो. कोर्सवर राजवाड्याच्या गालिच्यासारखं गवत फक्त फोटोत असतं.

अलकापुरीची_मावशी
हायब्रिडचं माझ्या बाबतीत एकच रडगाणं, डावीकडे जातो. दोन बदलून बघितले, दोन्ही डावीकडे. 7 वूड घेतल्यापासून बॉल उंच जातो आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) पडला की थांबतो, मागे पळून जात नाही. आधी मैत्रिणी हसायच्या, "बायकांचा क्लब घेतलास" म्हणून (स्वतः बायकाच, तरी!). मग सांगितलं, अमेरिकन गोल्फर डस्टिन जॉन्सनने 2020 मध्ये 20 अंडर (पारपेक्षा 20 फटके कमी) मारून मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत 7 वूड होता. मग गप्प. आता दोघींनी घेतलाय.

हायब्रिडभक्त
मावशी तो ड्रायव्हर तीनशेच्या वर मारतो, त्याचं उदाहरण आपल्याला काय कामाचं?

अलकापुरीची_मावशी
तेच तर म्हणतेय बाळा. एवढी ताकद असलेल्याला 21 डिग्रीची लाज वाटली नाही, तुला का वाटते?

जुना_स्पून
तुम्हा मुलांचे नंबर ऐकून मजा वाटते. पूर्वी 3 वूडला स्पून म्हणायचे आणि 2 वूडला ब्रासी. माझ्याकडे पर्सिमनचा, म्हणजे खऱ्या लाकडाचा एक अजून आहे, दर पावसाळ्यानंतर तेल लावतो, सौ. म्हणतात देवघरात ठेवा. नीट बसला तर आवाज असा येतो की दिवस सार्थकी, पण दहातून एकदा, खोटं कशाला बोलू. बाकी लॉफ्टचं भांडण नवं नाही. 1935 च्या मास्टर्सला जीन साराझेन शेवटच्या राउंडमध्ये तीन शॉटने मागे होता, पंधराव्या होलवर 235 यार्डांवरून त्याने मारला तो सरळ भोकात, पार 5 दोन फटक्यांत संपला, एका फटक्यात बरोबरी, आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. हातात कोणता होता? 3 नाही, 4 वूड. आणि हरला कोण, तर क्रेग वूड. आडनावच वूड, बिचारा.

फतेगंज_फेड
काका 😂😂 हे माहीत नव्हतं.
पण मुद्दा सोडत नाही. 3 वूड टॉप होतो (बॉलच्या डोक्यावर लागतो) कारण लोक बॉल उचलायला जातात. वजन मागच्या पायावर ठेवून चमच्याने आमटी काढावी तसं. वूड झाडूसारखा फिरवा हा सल्ला अर्धवट आहे, ट्रॅकमॅनच्या (फटका मोजणारं रडार) मोजणीत पीजीए टूरवाले (अमेरिकेतले व्यावसायिक) सरासरी जवळपास 3 डिग्री खाली मारतात 3 वूडने. म्हणजे आयर्नपेक्षा उथळ, पण खालीच. बॉल डाव्या टाचेपासून दोनेक बॉल आत ठेव, बॉलच्या पुढचं गवत घासलं गेलं पाहिजे. दोन महिने हे करून बघ, मग विक.

दांडियाबाजारवाला
दोन महिने काय, क्लासच लावला होता. कोच म्हणाले अॅडजस्टेबल आहे तर लॉफ्ट वाढव. वाढवला दीड डिग्री, तर फेस (क्लबचं तोंड) बंद व्हायला लागला, बॉल डावीकडे. मग मी 16.5 डिग्रीचा, डावीकडे बघणारा, स्टिफ शाफ्टचा 3 वूड घेऊन फिरणार, आणि कशासाठी, तर त्यावर 3 लिहिलंय म्हणून? तुझी आमटीची गोष्ट मात्र पटली, मी तेच करतो. 7 ने केलं तरी बॉल निघतो, 3 माफ करत नाही, एवढाच माझा मुद्दा.

फतेगंज_फेड
बरं, येत्या रविवारी राउंडच्या आधी. दहा बॉल माझ्या 3 ने, दहा तुझ्या 5 ने, जमिनीवरून, टी नाही. कॅडी मोजणार. हरणारा सगळ्यांना सेवउसळ, तर्री वेगळी.

दांडियाबाजारवाला
मंजूर. एक भानगड आहे, 7 वूड सेकंडहँड मिळाला त्याचं कव्हर नव्हतं, म्हणून जुन्या 3 चं घातलंय. विकणार कसा आता?

जुना_स्पून
ते काढूच नकोस रे. वर मोठा 3 दिसतोय ना, समोरचा घाबरतो.